नोडची पाटी नोडच रंगवतो

कोथरूडच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आठवडाभर एक फॉरवर्ड फिरतोय. म्हणे बिटकॉइनचा नोड, म्हणजे बिटकॉइनचे व्यवहार तपासणारा नेटवर्कमधला एखादा संगणक, ज्या सेवा जाहीर करतो, त्या नेटवर्कने तपासून मंजूर केलेल्या असतात. ज्याच्याकडे 'नेटवर्क'चा बिट (अख्खी साखळी देऊ शकतो, अशी खूण) नाही तो नोड बनावट. जितके बिट जास्त, तितका तो भरवशाचा. आणि असा नोड लावला की घरबसल्या कमाई!

कमाईचं आधी उरकतो. नुसता नोड चालवल्याबद्दल बिटकॉइन एक पैसा देत नाही. बक्षीस मिळतं ते ब्लॉक, म्हणजे व्यवहारांचा गठ्ठा, खणणाऱ्याला. माझ्या नोडने आजवर फक्त विजेचं बिल वाढवलंय.

'मंजूर' हा शब्द तर निव्वळ थाप. दोन नोड जोडले गेले की सुरुवातीच्या 'व्हर्जन' संदेशात सेवांसाठी ६४ बिटांचा एक रकाना असतो, आणि तो ज्याचा त्याने भरायचा असतो. पेठेतल्या मेसच्या दारात फळ्यावर 'आज मटकीची उसळ' लिहिलेलं असतं, ते मेसवाल्यानेच खडूने लिहिलेलं. उसळ खरंच आहे का, हे पानावर बसल्यावर कळतं. इथेही ब्लॉक मागून बघायचा. आलेला ब्लॉक आपला नोड स्वतः तपासतो, त्यामुळे फळ्यावर थाप मारणारा फार तर आपला वेळ खातो, खोटा ब्लॉक गळी उतरवू शकत नाही. शिवाय नोड एकमेकांना इतरांचे पत्ते कळवतात, त्यातही सेवांचा आकडा असतो. ती तर ऐकीव माहिती, 'अमक्याकडे उसळ मिळते म्हणे' एवढीच तिची किंमत.

आता 'बनावट' नोड. माझा जुना लॅपटॉप १२८ जीबीचा, आजवरच्या ब्लॉकची अख्खी साखळी त्यात मावणं शक्यच नाही. म्हणून तो २००९ च्या पहिल्या ब्लॉकपासून सगळं तपासतो आणि जुनं पुसत जातो. त्याच्या सेवांचा आकडा ३०८०. प्रत्येक बिटाची ठरलेली किंमत असते, त्यांची ही बेरीज. फोड करा: ८ म्हणजे विटनेस (व्यवहारांच्या सह्यांसकट ब्लॉक देणं), २०४८ म्हणजे कूटबद्ध जोडणी आणि १०२४ म्हणजे 'माझ्याकडे निदान शेवटचे २८८ ब्लॉक मिळतील', साधारण दोन दिवसांचे. 'नेटवर्क'चा १ त्यात नाही, कारण जुने ब्लॉक मी देऊ शकत नाही. नाही म्हणून नाही लिहिलं, याला बनावट म्हणायचं?

जास्त बिट म्हणजे जास्त भरवसा, हेही उलटंच. ४ किमतीचा 'ब्लूम' बिट घ्या. अख्खी साखळी न ठेवणाऱ्या हलक्या वॉलेटसाठी नोडने व्यवहार गाळून द्यायचे, अशी ती सेवा. पण तिच्यामुळे नोडवर फुकटचा भार टाकता येतो आणि वॉलेटवाल्याचे बिटकॉइन-पत्तेही बरेचसे उघडे पडतात. म्हणून बिटकॉइन कोअर या नोड चालवायच्या सॉफ्टवेअरने २०१९ च्या ०.१९ आवृत्तीपासून ती मुळात बंदच ठेवलीय. फॉरवर्डसोबत 'आदर्श नोड' म्हणून जो स्क्रीनशॉट आलाय, त्यात ब्लूम दिमाखात झळकतोय. कुणीतरी सेटिंगमध्ये जाऊन तो मुद्दाम चालू केलेला दिसतोय.