‘रेसिंग पॅड टाकले की गाडी निम्म्या अंतरात थांबते’ या सल्ल्यात काय काय चुकतं

स्पोर्ट्स कारच्या ब्रेकबद्दल एक सल्ला वर्षानुवर्षं हातोहात फिरतो आहे. थोडक्यात असा: कंपनीचे ब्रेक पॅड (चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कला दाबून धरणारे घर्षणाचे तुकडे) काढून रेसिंगचे टाका, थांबायचं अंतर निम्मं होईल. खोक्यावर तापमानाचा आकडा जितका मोठा, तितका पॅड चांगला. पुढचे बदलले की पुरे. खिसा परवानगी देत असेल तर सिरॅमिक घ्या. आणि बसवले की लगेच पळवा, बेडिंगची, म्हणजे नवा पॅड डिस्कवर रुळवण्याची, काही गरज नसते. यातला एकही मुद्दा आहे तसा खरा नाही आणि दोन तर सरळ धोक्याचे आहेत, म्हणून ओळीने घेऊ.

‘अंतर निम्मं होतं’

होत नाही. पॅड चाकाला रोखतो. गाडीला थांबवते ती टायर आणि रस्ता यांच्यातली पकड. आत्ताच्या पॅडवर करकचून ब्रेक मारल्यावर पेडल पायाखाली थरथरत असेल, म्हणजे एबीएस (चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) लागत असेल, तर टायरकडे आणखी द्यायला काही उरलेलं नाही. जास्त घर्षणाचा पॅड टाकला तर तीच मर्यादा थोड्या कमी दाबावर येईल, इतकंच. एका ब्रेकमधलं अंतर कमी करायचं असेल तर पैसे टायरवर घाला.

पॅडमधला फरक दिसतो तो एकामागून एक ब्रेक लागू लागल्यावर. १५०० किलोची गाडी ताशी १०० किलोमीटरवरून पूर्ण थांबवायची तर, हवेचा रोध सोडून, सुमारे ५८० किलोज्यूल ऊर्जा उष्णता होऊन ब्रेकमध्ये जाते. तीच गाडी ट्रॅकवर २०० वरून ८० वर आणताना हा आकडा १९४० च्या आसपास जातो. पूर्ण थांबलेलीही नाही, तरी उष्णता तिपटीहून जास्त, आणि प्रत्येक फेरीत पुन्हा पुन्हा. अशा वेळी साध्या पॅडमधलं राळेचं बंधन तापून सुटायला लागतं, त्यातून वायू निघतो आणि घर्षण घसरतं. यालाच फेड म्हणतात.

पण प्रत्येक फेडचा दोष पॅडवर टाकू नका. पेडल कडक आहे आणि तरी गाडी आवरत नाही, तर पॅड तापून घर्षण सोडतो आहे. पेडल मऊ पडून खाली जातं आहे, तर ब्रेक ऑइल उकळलं आहे, आणि त्यावर जगातला कुठलाही पॅड उपाय नाही. डॉट ४ दर्जाच्या ऑइलचा उत्कलनबिंदू ताजं असताना किमान २३० अंश सेल्सियस असावा लागतो. ओलावा मुरल्यावरच्या चाचणीत हीच मर्यादा १५५ अंश आहे. जुन्या ऑइलवर महागडे पॅड टाकून ट्रॅकवर जाणं हा उलटा क्रम झाला.

‘आकडा मोठा, तो पॅड चांगला’

वरची मर्यादा सांगणारा आकडा खालची मर्यादा सांगत नाही, आणि रस्त्यावर गाठ पडते ती खालच्या मर्यादेशीच. ट्रॅकसाठी बनवलेला पॅड गार असताना कमी पकडतो. महामार्गावर अर्धा तास ब्रेक न लावता आल्यावर अचानक समोर कोणी आलं, तर तो पहिलाच ब्रेक गार पॅडवर लागतो. शिवाय असा पॅड गार असताना डिस्क खरवडत राहतो: डिस्क लवकर झिजते, ब्रेक किंचाळतात, आणि धातूची भुकटी चाकांवर बसून पावसात गंजते.

अंदाजाऐवजी मोजा. डिस्कच्या कडेला लावायचा तापमानदर्शक रंग मिळतो. नेहमीच्या संचात हिरवा ४३० अंशांना, नारिंगी ५६० ला आणि लाल ६१० ला रंग बदलतो. नेहमीच्या पद्धतीने गाडी चालवा, मग बघा. हिरवाही बदलला नसेल तर ८०० अंशांचा पॅड तुमच्या कामाचा नाही. तिन्ही बदलले असतील तर रस्त्याचा पॅड टिकणार नाही, आणि पॅड निवडण्याआधी ब्रेककडे हवा नेण्याचा विचार करावा लागेल. बनवणाऱ्याकडून घर्षण आणि तापमान यांचा आलेख मागा. तो सपाट असणं हे उंच शिखर असण्यापेक्षा मोलाचं आहे, कारण पायाला मग प्रत्येक वळणाआधी तोच प्रतिसाद मिळतो.

बऱ्याच पॅडच्या कडेवर दोन अक्षरी खूण असते. पहिलं अक्षर साधारण तापमानातलं घर्षण, दुसरं तापल्यावरचं. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ ०.३५ ते ०.४५, जी ०.४५ ते ०.५५. एफई दिसलं, तर पॅड तापल्यावर ढिला पडतो. पण ही चाचणी एक इंच चौरस तुकड्यावर होते, तुमच्या गाडीवर नाही, त्यामुळे तिच्यावर नको ते पॅड गाळावेत, हवा तो निवडू नये. रस्त्यावरच्या वापरासाठी युरोपातला आर ९० हा नियम जास्त उपयोगी आहे: पर्यायी पॅडचं घर्षण मूळ पॅडच्या १५ टक्क्यांच्या आत असावं लागतं. निव्वळ रेसिंगच्या पॅडना ही मान्यता सहसा नसते.

‘पुढचे बदलले की पुरे’

ब्रेकचा बहुतेक भार पुढे येतो हे खरं, पण त्यातून निघणारा निष्कर्ष चुकीचा. पॅडला डिस्कवर दाबणाऱ्या पिस्टनचा आकार, डिस्कचा व्यास आणि पॅडचं घर्षण या तिन्हींचा मेळ घालून पुढच्या-मागच्या ब्रेकचं प्रमाण ठरवलेलं असतं. पुढचा घर्षणांक ०.३८ वरून ०.५० केला आणि मागचा तसाच ठेवला, तर त्याच दाबाला पुढचा ब्रेक जवळपास ३२ टक्क्यांनी जास्त ओढतो. पुढची चाकं लवकर एबीएसमध्ये जातात, मागचे ब्रेक अर्धवट कामावर राहतात आणि सगळी उष्णता पुढे साठते. फक्त मागचे जहाल पॅड टाकणं तर याहून वाईट. मागची चाकं आधी सुटली की गाडी गिरकी घेते. चारही पॅड एकाच कुळातले घ्या.

‘सिरॅमिक सगळ्यांत भारी’

इथे दोन वेगळ्या वस्तूंची सरमिसळ आहे. ओतीव लोखंडी डिस्कवरचे सिरॅमिक पॅड शांत असतात, धूळ कमी करतात, रोजच्या वापराला छान. ट्रॅकच्या उष्णतेत ते टिकतीलच असं नाही. कार्बन-सिरॅमिक डिस्क ही निराळीच गोष्ट. तिच्यावर फक्त तिच्यासाठीच म्हणून दिलेला पॅड लावायचा. चुकीच्या पॅडने तिचा पृष्ठभाग खराब होतो, आणि डिस्कची किंमत पाहता ती चूक परवडणारी नाही.

‘लावा आणि पळवा’

सर्वांत घातक सल्ला हा. आधी बसवण्याचं बोलू. पॅड मॉडेलच्या नावाने न मागवता चॅसिस नंबरवरून मागवा. एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळे कॅलिपर (पॅड आणि पिस्टन धरणारा भाग) येतात. जुना आणि नवा पॅड पाठीला पाठ लावून आकार ताडून बघा. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. मायक्रोमीटरने चार-पाच ठिकाणी मोजून त्याखाली असेल तर डिस्क बदला. पिस्टन सावकाश मागे ढकला आणि ऑइलच्या टाकीवर लक्ष ठेवा, पातळी वर चढते. इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर आधी सर्व्हिस मोडमध्ये घ्या. सरकत्या कॅलिपरच्या पिनांना ब्रेकसाठीचंच सिलिकॉन ग्रीस लावा. खनिज तेलाच्या ग्रीसने रबर फुगतं आणि पिना अडकतात. आणि गाडी जागची हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत पंप करा. पिस्टन मागे असल्यामुळे पहिल्या दाबाला पेडल तळाशी जातं. रस्त्यावर ते कळणं म्हणजे फार उशीर.

मग बेडिंग. पॅडच्या मालाचा पातळ, सारखा थर डिस्कवर बसवणं हा त्याचा हेतू. पॅडसोबत आलेली पद्धत असेल तर तीच पाळा. नसेल तर मोकळ्या, सुरक्षित जागी ताशी १०० वरून २० वर, एबीएस लागणार नाही इतक्या जोराने, आठ-दहा वेळा आणा. मध्ये पूर्ण थांबू नका. मग दहा मिनिटं ब्रेक जवळजवळ न लावता चालवत गार होऊ द्या, आणि तापलेल्या डिस्कवर हँडब्रेक ओढून उभी करू नका. पॅडचा प्रकार बदलला असेल तर जुना थर आधी घासून काढा, किंवा डिस्कही नवी घ्या.

हे टाळलं की थर डाग-डाग बसतो आणि ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरतं. गॅरेजमध्ये ‘डिस्क वाकली’ असं निदान होतं, पण बहुतेक वेळा डिस्क सरळच असते, थर असमान असतो. लवकर लक्षात आलं तर पुन्हा नीट बेडिंग केल्याने डाग निघून जातात. तसंच चालवत राहिलं तर डागांखालचं लोखंड जास्त तापून तिथे कठीण गाठी तयार होतात. त्या खोलवर गेल्या की वरवर घासून जात नाहीत. डिस्क फेकावीच लागते.