डिआना ट्रॉयच्या कॉलरवरच्या तीन टिकल्या

वीस वर्षं झाली, गणवेश शिवतेय. शाळांचे, नर्सेसचे, सिक्युरिटी गार्डचे. त्यामुळे टीव्हीवर कुणी गणवेशात दिसलं की माझी नजर आधी शिवणीवर जाते. काखेत कळी घातलीय का, मांडी घालून बसता येईल का, खिसा कुठाय?

ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘स्टार ट्रेक’ लागायचं, अंतराळजहाजावरची अमेरिकन मालिका. तेव्हापासून मला त्या जहाजावरची अधिकारी उहुरा आवडते. परवा लेकीबरोबर तेच भाग पुन्हा बघत होते, तर ती म्हणाली, "आई, सगळ्या पुरुषांना पँट आणि हिलाच एवढासा फ्रॉक का गं?"

सरळ उत्तर देता येईना. कारण 1964-65 साली चित्रित झालेल्या पहिल्या पायलट भागात, म्हणजे चॅनलला दाखवायच्या नमुना भागात, ‘द केज’मध्ये, बायकासुद्धा पँटमध्येच होत्या आणि जहाजावरची दुसऱ्या क्रमांकाची अधिकारी बाईच होती. चॅनलने तो भाग नाकारला. 1966 ला मालिका आली तेव्हा ती अधिकारी गेली आणि पँटही गेली. पण आखूड फ्रॉकची कल्पना आपणच सुचवली असं जहाजावरच्याच रँडची भूमिका करणारी ग्रेस ली व्हिटनी सांगायची. उहुरा साकारणाऱ्या निशेल निकोल्सलाही त्यात कमीपणा वाटला नाही. त्या काळात मिनी स्कर्ट घालणं ही तरुण मुलींची बंडखोरी होती. मी त्या दोघींचं म्हणणं खरं मानते. पाय दिसले म्हणून माझी तक्रार नाहीच. ज्या बाईला पँट घालायची असेल तिला ती मिळत नव्हती, तक्रार त्याबद्दल आहे.

1987 च्या ‘नेक्स्ट जनरेशन’ या पुढच्या ‘स्टार ट्रेक’ मालिकेत एक प्रामाणिक प्रयत्न झाला. सुरुवातीच्या भागांत तसाच आखूड फ्रॉक घातलेले पुरुषही जहाजावर फिरताना दिसतात. पण नीट बघा, ते सगळे मागून चालत जाणारे. जहाजाच्या कॅप्टन पिकार्डला कामावर तो कधी घालायला लागला नाही.

त्याच मालिकेत पहिली दोन वर्षं बहुतेकांना अंगाला ताणून बसणारे स्पॅन्डेक्सचे सूट होते. मापापेक्षा लहान बेतलेले, म्हणजे सुरकुती पडू नये. दिवसभर तसं कापड खांद्यापासून खाली ओढत राहिलं की पाठीचं काय होतं हे कुठल्याही शिंप्याला विचारा. पिकार्ड झालेल्या पॅट्रिक स्टुअर्टची पाठ धरली. तिसऱ्या सीझनला लोकरीचं कापड आलं, वर-खाली वेगळं असलेलं. छान झालं.

आता 1997. ‘व्हॉयेजर’ या आणखी एका ‘स्टार ट्रेक’ मालिकेत कॅप्टन जेनवे ही बाई पुरुषांसारख्याच गणवेशात, आणि तिच्या शेजारी नवी आलेली सेव्हन ऑफ नाइन नखशिखांत चंदेरी घट्ट सूटमध्ये. सेव्हन झालेल्या जेरी रायनने नंतर मुलाखतींत सांगितलंय की गळ्याशी इतका दाब यायचा की भोवळ यायची, आणि बाथरूमला जायचं म्हटलं की वीसेक मिनिटं शूटिंग थांबायचं. सगळ्या युनिटला कळायचं, बाई कुठे गेली ते. माझ्याकडे येणाऱ्या गार्ड बायका लघवीला जावं लागू नये म्हणून ड्युटीवर पाणी पीत नाहीत. म्हणून हे वाचताना माझ्या पोटात तुटलं. चंदेरी सूट पुढे बदलला, पण घट्टपणा शेवटपर्यंत राहिला. कॅप्टन पिकार्डची पाठ दुखली तर कापड बदलतं, आणि हिला मात्र सवय करून घ्यावी लागते! याचा मला राग येतो, अजूनही.

‘नेक्स्ट जनरेशन’मधल्या डिआना ट्रॉयचं, जहाजावरच्या समुपदेशक बाईचं, सांगायचं राहिलंच. पायलट भागात तिला गणवेश होता. मग तो गेला आणि खोल गळ्याचे घट्ट कपडे आले. ही जहाजावरची अधिकारी, पण हुद्दा दाखवणारी एक टिकली अंगावर नाही. 1992 मध्ये ‘चेन ऑफ कमांड’ या भागात नवा कॅप्टन जेलिको येतो आणि तिला सांगतो, कामावर असताना गणवेश घालायचा. लोकांना जेलिको खडूस वाटतो. मला त्या एका वाक्यासाठी तो माणूस आवडतो. ट्रॉय साकारणारी मरीना सर्टिस स्वतः सांगते, गणवेश आला तशी अक्कल परत आली, टिकल्या परत आल्या, मोहिमांवर जायला मिळायला लागलं.

मी तिथे चित्र थांबवून लेकीला ट्रॉयची कॉलर दाखवली. दोन सोनेरी टिकल्या आणि एक पोकळ. लेफ्टनंट कमांडर. पुढे, 1994 च्या एका भागात, ही बाई कमांडरच्या परीक्षेला बसते, आधी नापास होते, पुन्हा बसते आणि पास होते. तो भाग आम्ही येत्या रविवारी बघणार आहोत.