सर्वश्रेष्ठ गिटार सोलो आणि उत्स्फूर्ततेला दिलेला अवाजवी मान

रॉक संगीतातील सर्वश्रेष्ठ गिटार सोलो, म्हणजे गाण्यात गिटार एकटी पुढे येते तो भाग, कोणता, या वादात एक युक्तिवाद हमखास पुढे येतो: जो सोलो वादकाला त्या क्षणी सुचला तोच अस्सल, आणि जो स्टुडिओत बसून जुळवला ती नुसती कारागिरी. ख्याल ऐकत वाढलेल्यांना हे चटकन पटते, कारण मैफलीत जागेवर सुचलेल्या तानेला आपण मनापासून दाद देत आलो आहोत. रॉकच्या ध्वनिमुद्रणाला ही कसोटी लावणे मात्र मला साफ अमान्य आहे. माझे मत पिंक फ्लॉइड या ब्रिटिश बँडच्या ‘कम्फर्टेबली नम’ या गाण्यातील दुसऱ्या सोलोला आहे, आणि तो उघडउघड जुळवलेला आहे.

१९७९ च्या ‘द वॉल’ या अल्बमसाठी बँडचे गिटारवादक डेव्हिड गिल्मर यांनी हा सोलो पाच-सहा वेळा वाजवला, प्रत्येक वेळचे उत्तम तुकडे कागदावर टिपून ठेवले आणि मग एका ट्रॅकवरून दुसऱ्यावर जात त्यांतून एकसंध सोलो घडवला. गाण्यात डॉक्टर एका सुन्न झालेल्या गायकाला इंजेक्शन देऊन कार्यक्रमासाठी उभा करतो. पहिला सोलो डी मेजर या उजळ स्वरसप्तकात, कोरसच्या (ध्रुवपदाच्या) कॉर्ड्सवर, म्हणजे साथीच्या स्वरसमूहांवर, तरंगत राहतो. दुसरा बी मायनर या उदास सप्तकात येतो, म्हणजे नेमका त्या कॉर्ड्सवर, ज्यांवर डॉक्टर बोलत असतो. गायकाला जे बोलता येत नाही ते इथे गिटार बोलते, आणि म्हणूनच तार ताणून मींडेप्रमाणे वर नेलेला प्रत्येक स्वर त्या कथेत ठामपणे आपली जागा घेतो.

उत्स्फूर्ततेच्या बाजूने दिली जाणारी उदाहरणेही नीट तपासावीत. लेड झेपेलिन या बँडच्या ‘स्टेअरवे टू हेवन’साठी (१९७१) गिटारवादक जिमी पेज यांनी तीन सोलो मुद्रित केले आणि त्यांतला एक निवडला. फंकाडेलिक या बँडचा ‘मॅगट ब्रेन’, तोही १९७१ चाच, माझ्या लेखी दुसऱ्या क्रमांकाचा आहे, आणि लोकप्रिय याद्यांतून त्याचे गिटारवादक एडी हेझल यांचे नाव गळते याचा मला खरोखर राग येतो. आईच्या मृत्यूची बातमी आत्ताच कळली आहे असे समजून वाजव, असे बँडचे प्रमुख जॉर्ज क्लिंटन यांनी त्यांना सांगितले होते. तरीही पुढे बाकीच्या वाद्यांचा बराचसा आवाज काढून टाकून ती गिटार एकटी पाडण्याचा निर्णय क्लिंटन यांनी मिक्सिंगमध्येच, म्हणजे मुद्रित आवाजांचा मेळ घालताना, घेतला. ईगल्स या बँडच्या ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ची गोष्ट तर याहून बोलकी आहे: गिटारवादक डॉन फेल्डर यांना शेवटचा भाग नव्याने वाजवायचा होता, परंतु गायक डॉन हेन्ली मूळ डेमोवर (कच्च्या मुद्रणावर) अडून बसले, आणि फेल्डर व दुसरे गिटारवादक जो वॉल्श यांचा तो जोडसोलो डेमोबरहुकूम उतरला.

व्हॅन हेलन या बँडचा ‘इरप्शन’ मी या यादीत धरत नाही. पावणेदोन मिनिटांच्या त्या वादनाने १९७८ नंतरच्या गिटारवादकांना टॅपिंगचे (दोन्ही हातांच्या बोटांनी तारा दाबत वाजवण्याचे) वेड लावले हे खरे असले, तरी ज्याच्याभोवती गाणेच नाही त्याला गाण्यातील सोलोच्या पंक्तीत बसवता येत नाही.

गिल्मर यांचे १९९४ चे लंडनच्या अर्ल्स कोर्ट सभागृहातील, लांबवलेले वादन अनेकांना मूळ मुद्रणाहून सरस वाटते. त्यातील ऊर्जा मलाही मान्य आहे. पण तेथे सोलो प्रेक्षकांना सामोरा जातो, तर १९७९ च्या मुद्रणात तो त्या डॉक्टरला सामोरा जातो, आणि माझे मत त्या दुसऱ्यालाच राहील.