उसने पैसे आणि चुकून दिलेले पैसे: खिचडी कोणाची?

रोमन कायद्यावरच्या माझ्या लेखाला दिलेल्या सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. उसने दिलेले पैसे वसूल करणं आणि चुकून दिलेले पैसे परत मागणं या दोन वेगळ्या गोष्टींची मी खिचडी केली, असा तुमचा आक्षेप. पहिल्यात करार असतो, दुसऱ्यात नुसती चूक.

खिचडी आहे खरी, पण ती रोमनांनीच शिजवलेली. दोन्हींसाठी दावा एकच, कॉन्डिक्टिओ. त्यासाठी न्यायाधीशाला मिळणाऱ्या सूत्राचा, म्हणजे निकाल कसा द्यायचा याच्या लेखी आदेशाचा, आशय एवढाच: ‘नेगिडियस अगेरियसला 10,000 सेस्टर्स देणं लागतो असं दिसलं, तर तेवढे त्याच्यावर बसवा, न दिसलं तर त्याला मोकळं करा.’ (ही नावं आपल्या अमक्या-तमक्यासारखी. नेगिडियस म्हणजे ‘नाही’ म्हणणारा, प्रतिवादीला शोभेलसं!) देणं कशापोटी, हे सूत्रात नाहीच. तो काथ्याकूट न्यायाधीशापुढे.

तरी तुमची शंका फुकट नाही. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात गायस या रोमन कायदेपंडितालाही तीच आली होती. देणं नसताना पैसे घेतलेल्यावर उसने घेतल्यासारखाच दावा चालतो, असं तो सांगतो आणि लगेच अडखळतो: हे बंधन कराराचं दिसत नाही, कारण फेडीचे पैसे देणारा माणूस व्यवहार मिटवायला आलेला असतो, नवा जोडायला नाही. तुम्ही तरी याहून वेगळं काय म्हणताय?

एका जागी मात्र मला बरोबर पकडलंत. ‘चुकून दिलेलं सगळं परत मिळे’ हे वाक्य मी बेधडक लिहिलं. गुलामाने केलेलं कर्ज घ्या. त्यासाठी त्याच्यावर दावा लावता येत नसे. पण सुटका झाल्यावर त्याने ते फेडलं, तर ‘मी बांधील नव्हतो’ म्हणून परत मागायची सोय नव्हती. ते ‘नैसर्गिक’ देणं. शिवाय देणं नाही हे ठाऊक असून पैसे दिले, तर ते गेलेच.

बारा पाट्यांच्या कायद्यातले (हा रोमचा अगदी जुना कायदा) कर्जदाराला घालायचे साखळदंड मध्ये आणलेत, ते कॉन्डिक्टिओच्या कितीतरी आधीचे. त्यावर इथे वाद नको.

‘चूक सिद्ध कशी करणार?’ हा तुमचा शेवटचा प्रश्न मला जास्त आवडला. ओझं साधारणपणे देणाऱ्यावरच. पण घेणाऱ्याने ‘मला पैसे मिळालेच नाहीत’ म्हणून कानांवर हात ठेवले आणि ते खोटं ठरलं, तर मात्र ती रक्कम खरोखर देणं होती हे त्यालाच सिद्ध करावं लागे. इ.स. 533 च्या, सम्राट जस्टिनियनच्या डायजेस्टमध्ये (जुन्या कायदेपंडितांच्या लिखाणाच्या संकलनात) हा नियम आहे. मूळ लेखात तो राहूनच गेला; ते बेधडक वाक्य बदलताना हाही घालतो.