हे घर १९५१ चं आहे

पुण्याहून कुणी आलं की त्यांना फ्रँकफुर्टमधलं जर्मन कवी गटेचं घर दाखवणं माझ्याकडे लागलेलं असतं. जिन्याच्या लोखंडी कठड्यात गटेच्या आईवडिलांची आद्याक्षरं, स्वयंपाकघरात घरचाच पाण्याचा पंप. बघता बघता पाहुणे सुस्कारतात, ‘बघा, हे लोक कसं जपतात! आणि आपण भिडे वाडा पाडला.’

हे घर १९५१ चं आहे, हे मी तेव्हाच सांगतो. मूळ घर २२ मार्च १९४४ ला बॉम्बहल्ल्यात जळालं, नेमकं गटेच्या पुण्यतिथीला. पुन्हा बांधायचं ठरलं तेव्हा मोठा वाद झाला. वाल्टर डिर्क्स या पत्रकाराने १९४७ मध्ये लिहिलं की हे घर उगाच पडलेलं नाही, आपल्याच नाझी इतिहासाने पाडलंय. घराला निरोप द्यायचं धैर्य दाखवा. मला आजही त्याचं म्हणणं पटतं. पण जिंकले संग्रहालयाचे प्रमुख एर्न्स्ट बॉयटलर. त्यांनी सामान, चित्रं, पुस्तकं युद्धातच बाहेर हलवली होती. आज ही प्रतिकृतीच संरक्षित वास्तू आहे.

मूळ घरही काही सरळ मार्गाने उभं राहिलेलं नव्हतं. पायापासून नवं बांधणाऱ्याला पहिला मजला सोडून वरचे मजले रस्त्यावर पुढे काढायला बंदी होती. म्हणून १७५५ मध्ये गटेच्या वडिलांनी वरचा भाग टेकूंवर तोलून धरला आणि खालून एकेक भाग बदलत नेला. म्हणजे कागदोपत्री दुरुस्तीच! घरची माणसं आतच राहत होती. पाऊस अंथरुणापर्यंत आला तेव्हा कुठे पोरांना हलवलं. आपल्या बिल्डरांना हा माणूस आपल्यातलाच वाटेल.

भिडे वाडा २०२३ च्या डिसेंबरात पाडला, तिथे स्मारक व्हायचंय. मला त्या भिंतींचं फार वाईट वाटत नाही. फुल्यांनी १८४८ मध्ये तिथे मुलींना शिकवलं, हे भिंती गेल्या म्हणून पुसलं जात नाही. मला खुपतात ते बिननावाचे वाडे. पाडण्याआधी त्यांचं माप कोण घेतं? आमचा सदाशिव पेठेतला वाडा मी इथे आल्यावर गेला. माडीचा जिना विहिरीच्या उजवीकडे होता असं काका म्हणतात, आत्या म्हणते डावीकडे. दर फोनवर भांडतात.