भिंतीवर जिवंत माणसांचेही फोटो लावा

मागच्या वर्षी बाबा गेले. दहाव्याच्या आधी भावाने विचारलं फोटो कुठला लावायचा, आणि आम्ही तिघं भावंडं आपापले मोबाईल घेऊन बसलो. माझ्या एकटीच्या मोबाईलमध्ये नऊ हजारांवर फोटो, त्यात लाईटबिलं, गुड मॉर्निंग, शाळेच्या नोटिसा, एकाच वाढदिवसाचे चाळीस फोटो, आणि बाबा बघावेत तर कडेला, अर्धे, पाठमोरे, कारण बहुतेक वेळा फोटो काढणारे तेच असायचे. शेवटी भाचीच्या लग्नातला एक सापडला. स्टुडिओवाल्याने मोठा केला तर बाबांच्या खांद्यावर आईची चार बोटं. तो म्हणाला, ताई, हा हात काढून टाकतो. आई म्हणाली, राहू दे. फोटो तसाच लावलाय.

आपल्याकडे माणूस भिंतीवर चढतो तो गेल्यावरच, हार घालून. जिवंत माणसाचा फोटो लावायला कितीतरी घरांत अजून नको म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. आपण कुणाचे तरी आहोत हे रोज येताजाता दिसायला हवं ना, आणि ज्याचा फोटो आहे त्यालाही ते दिसायला हवं की!

काहीजण म्हणतील मोबाईलमध्ये आहेतच की. आहेत, पण बघतं कोण? 1 जून 2021 पासून गूगल फोटोजची अनलिमिटेड फुकट जागा बंद झाली, आता मेल, फाईली, फोटो सगळं मिळून 15 जीबी, ते भरलं की मेसेज येतो आणि आपण घाईघाईत डिलीट करत सुटतो, त्यात काय गेलं ते कळतही नाही.

कागद भिजतो, हे मला कुणी सांगायला नको, आम्ही सांगलीचे. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली, धोक्याची पातळी 45. ट्रंकेतले सगळे अल्बम पाण्यात. आईने बादलीत स्वच्छ पाणी घेऊन एकेक फोटो हलक्या हाताने सोडवला आणि चिमटे लावून दोरीवर वाळत घातला. चिकट पानांच्या अल्बममधले रंगीत फोटो गेले, चेहरेच निघून आले प्लास्टिकबरोबर. पण काळ्या पानांवर कोपरे लावून बसवलेले जुने ब्लॅक अँड व्हाइट बरेचसे वाचले. एकाच्या मागे आजीने पेन्सिलीने लिहिलेलं, "वाडीला, थोरलीचं जावळ", ते जसंच्या तसं. पेनाने लिहिलेलं सगळं फुटलं होतं. तेव्हापासून मी पण मऊ पेन्सिलनेच लिहिते, कोण, कुठे, कधी. आणि फोटो दोन्हीकडे ठेवते, कागदावर पण आणि हार्डडिस्कवर पण.

या दिवाळीत बसून 64 फोटो निवडले आणि 4 बाय 6 मध्ये काढून आणले. एक सांगते, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो दबलेला असतो, मोठा केला की चेहरे फुटतात, ज्याने काढलाय त्याच्याकडून डॉक्युमेंट म्हणून मागवून घ्या. त्यातले बारा फ्रेम करून पॅसेजमध्ये लावले. हॉलमध्ये नाही, तिथे दुपारचं ऊन येतं आणि उन्हात रंग उडतात. चार वर्षांच्या लेकाला दिसतील इतके खाली लावले. तो आता न बघितलेल्या पणजीला पण नावाने ओळखतो.

आईचा लावलाय तो कैऱ्या चिरतानाचा, विळीवर बसलेली, केस विस्कटलेले, पदर खोचलेला. आधी चिडलीच, अगं हा कशाला लावलास, सांगितलं असतंस तर नीट साडी तरी नेसले असते. गेल्या आठवड्यात मावशी आली तर तिला हाताला धरून त्याच फोटोसमोर घेऊन गेली आणि त्या वर्षी लोणचं किती घातलं होतं, बाबांनी त्यातलं कुणाकुणाला वाटलं, ते सगळं सांगत दोघी तिथेच उभ्या, चहा गार झाला तरी.