गेलेल्या लेखकाच्या मजकुरावर किती हात फिरवावा?

संपादकाच्या खुर्चीवरून उठून बराच काळ लोटला, तरी पुस्तक हातात आले की आधी मुखपृष्ठामागची पाने चाळायची सवय सुटलेली नाही. जुन्या मराठी ग्रंथांच्या पुनर्मुद्रणाला सध्या बरे दिवस आले आहेत आणि त्याचा आनंदच आहे. मात्र माझ्या पाहण्यात आलेल्या अशा अनेक पुस्तकांत मजकूर मूळ कोणत्या आवृत्तीवरून घेतला आणि त्यात काय बदलले, याविषयी चकार शब्द नसतो, हे मला फार खटकते.

जिवंत लेखकाच्या हस्तलिखितावर संपादकाने खुशाल लाल पेन चालवावे. भांडायला लेखक समोर असतो. जो लेखक आता भांडू शकत नाही, त्याच्याबाबत आपल्याकडे कडक शिस्त होती आणि ती मराठी छापखान्यांच्या कितीतरी आधीची आहे. एकनाथ महाराजांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 च्या सुमारास, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि शेवटी नोंदवून ठेवले की, ‘ग्रंथ पूर्वींच अतिशुद्ध । परी पाठांतरीं शुद्ध अबद्ध’. ज्ञानदेवांचे काही चुकलेले नाही, बिघाड नकलांमध्ये झाला आहे आणि आपण सुधारतो आहोत ती प्रत, इतकी स्वच्छ भूमिका आजच्या किती प्रस्तावनांत सापडते? ज्ञानेश्वरीत पदरची ओवी घुसडणारा अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची रिकामी करवंटी, ठेवतो, असेही त्यांनी बजावले आहे. (संतांच्या नावावर रोज सकाळी मोबाइलवर येणारे अभंग पाहिले की या नरोटीची आठवण होते.)

तुकोबांच्या गाथेची 1869 पासून निघालेली आवृत्ती आजही उघडून पाहण्यासारखी आहे. मुंबई सरकारने तिच्यासाठी 24 हजार रुपये दिले होते. विष्णु परशुराम शास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूर येथील प्रती ताडून पाहिल्या आणि त्यांतले पाठभेद तळटीपांत दिले, त्यामुळे संपादकांचा निर्णय न पटणाऱ्या वाचकाला तळटीप वाचून स्वतःचे मत बनवता येते. याउलट इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी 1909 मध्ये एकनाथांच्या शुद्धीकरणाआधीची म्हणून जी ज्ञानेश्वरी छापली, तिची मूळ पोथी पुढे अभ्यासकांना पाहायलाच मिळाली नाही. राजवाड्यांच्या विद्वत्तेविषयी मला नितांत आदर आहे, पण पोथीच समोर नसल्यावर ताडून काय पाहणार?

आता आजची कथा. 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले आणि नव्या लेखनासाठी ते गेले हे योग्यच झाले. मुद्रितशोधकांचे आणि शाळकरी मुलांचे हाल थांबले. परंतु त्याआधीची पुस्तके पुन्हा काढताना हेच टिंब संगणकावर सरसकट उडवले जाते, तेव्हा काय होते ते पाहण्यासारखे आहे. जुन्या लेखनात ‘घरांत’ हे रूप एका घरासाठीही होते आणि अनेक घरांसाठीही. आज एका घरासाठी आपण ‘घरात’ लिहितो आणि अनेकांसाठी ‘घरांत’. म्हणजे जुन्या पानावर ‘त्यांच्या घरांत’ असे आले की मागचापुढचा मजकूर वाचून घर एक की अनेक हे दर वेळी कुणीतरी ठरवायला हवे. संगणकाला ते कळत नाही, आणि जिथे संदर्भावरूनही निश्चित होत नाही तिथे लेखकाच्या वतीने आपणच वचन ठरवून मोकळे होतो. ‘तें फूल’, ‘तीं फुलें’ यांतले अनुस्वार नपुंसकलिंगाची खूण होते. कोकणी ‘तें’ आणि ‘तीं’ आजही नाकातून उच्चारते, त्यामुळे मराठीतला हा अनुस्वार लेखनिकांची लहर नव्हती, हे गोव्यातल्या वाचकाला वेगळे सांगावे लागणार नाही.

सावरकरांनी आणि काही काळ ‘किर्लोस्कर’ मासिकाने ‘इ’, ‘उ’ऐवजी वापरलेली ‘अि’, ‘अु’ची बाराखडी मला स्वतःला कधीच आवडली नाही. तरी त्या काळातला लेख पुन्हा छापताना ती तशीच राहावी, असे माझे मत आहे, कारण ती लिपिसुधारणेच्या वादातली लेखकाची बाजू आहे.

शालेय आणि बालवाचकांच्या आवृत्त्यांत लेखन आजच्या नियमांप्रमाणे करायला माझी हरकत नाही. फक्त आधारभूत आवृत्तीचे साल, बदलांचे स्वरूप आणि काही गाळले असल्यास त्याची पाने, एवढे अर्ध्या पानात छापा. त्यासाठी जास्तीचा फॉर्म (एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांचा गठ्ठा) लागत नाही; अनेक पुस्तकांत तेवढी जागा शेवटी कोरीच जाते.